पंचाची शिट्टी आणि प्रशिक्षकाचा दंड

क्रिकेटच्या मैदानावर पंचानें बोट वर केलें, कीं फलंदाज मनांतून कितीहि चरफडला तरी बॅट काखेंत मारून तंबूची वाट धरतो. तंबूंत बसलेल्या त्याच्या गुरूनें सज्जांत येऊन हातवारे केले, तर फार तर दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतील. तेवढ्यानें प्रतिपक्षाच्या धांवा कांहीं वाढावयाच्या नाहींत. अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्यें मात्र रीत निराळी आहे. तेथें बाकावर बसलेला प्रशिक्षक, ज्याला चालू खेळांत चेंडूला बोट लावण्याचाहि अधिकार नाहीं, तो तोंडानें किंवा हातानें मर्यादा ओलांडतो, आणि त्याचें प्रायश्चित्त म्हणून समोरच्या संघास गुण मिळविण्याची आयती संधि मिळते. एका प्रौढ माणसाच्या क्षणिक संतापाचें मोल विशीच्या आंतबाहेरच्या मुलांनीं भरावयाचें, हा न्याय कोठला, असा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणाच्याहि मनांत यावा.

हा खेळ मुंबईच्या नागपाड्यांतील मैदानामुळें आणि शाळाकॉलेजांतून आपल्याकडेहि पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तरी दंडाची ही तऱ्हा ध्यानांत येण्यापुरती थोडी उजळणी अवश्य आहे. प्रत्येक बाजूचे ५ खेळाडू, ४० मिनिटांचा सामना, ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असें लांकडी अंगण, आणि १० फूट उंचीवर टांगलेली लोखंडी कडी. चालत्या खेळांत चेंडू कडींतून गेला तर २ गुण, दूरच्या रेषेबाहेरून टाकलेला गेला तर ३. धक्का देणें, धरणें, वाट अडविणें असा अंगाशीं अंग भिडून घडलेला गुन्हा म्हणजे साधा फाउल. असे ५ फाउल झाले, कीं खेळाडू त्या सामन्यापुरता बाद. परंतु अंगास अंग न लागतांहि जे गुन्हे घडतात, म्हणजे पंचास अपशब्द बोलणें, उद्धट हावभाव करणें, वस्तु फेंकणें, त्यांस टेक्निकल फाउल म्हणतात, आणि हा फाउल खेळाडूप्रमाणेंच प्रशिक्षकासहि लागतो. गंभीर स्वरूपाचा असा एक फाउल झाला, कीं प्रतिपक्षाचा एक खेळाडू कडीपासून १५ फुटांवरील रेषेशीं एकटाच उभा राहतो. त्यास अडवावयास कोणी नसतें. तो दोन वेळां चेंडू टाकतो, आणि कडींतून गेलेल्या प्रत्येक चेंडूस १ गुण मिळतो. यांसच फ्री थ्रो म्हणतात. एकाच प्रशिक्षकावर असे दोन फाउल झाले, तर त्यास खेळाची जागा सोडून निघून जावें लागतें.

वर्तनाचा दंड गुणांच्या नाण्यांत वसूल करण्याची ही कल्पना या खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्यास ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. थंडीच्या दिवसांत बंद दिवाणखान्यांत धसमुसळेपणा न करतां खेळतां येईल असा खेळ त्यांना पाहिजे होता. म्हणून त्या तेरा नियमांत खेळ कसा खेळावा यापेक्षां काय करूं नये याचाच विचार अधिक दिसतो. त्यांत न्यायासनें दोन: एकानें माणसांवर नजर ठेवावयाची, दुसऱ्यानें चेंडूवर. दुसऱ्यांदा फाउल करणारानें पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावें. एका बाजूनें लागोपाठ तीन फाउल केले, तर दुसऱ्या बाजूस एक गोल द्यावा. मात्र या तेरा नियमांत प्रशिक्षक हा शब्द कोठेंच सांपडत नाहीं. त्याची गरजच नेस्मिथना वाटलेली दिसत नाहीं. पुढें ते स्वतः कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या खात्यावर जिंकलेले सामने ५५ व हरलेले ६० अशी नोंद राहिली. खेळ निर्माण करणारा माणूस बाकावर बसून मात्र फारसा यशस्वी झाला नाहीं, ही गंमत तिकडील लोक अजूनहि आवडीनें सांगतात.

प्रशिक्षक या खेळांत मागाहून शिरला, आणि नियमकर्त्यांनीं त्यास बराच काळ संशयानेंच वागविलें. १९१०-११ च्या हंगामापासून सामना चालू असतांना संघाशीं संबंध असलेल्या कोणींहि खेळाडूंना सूचना देऊं नयेत, असा नियम झाला. पहिल्या अपराधास ताकीद, पुढच्यास फ्री थ्रो. म्हणजे आरडाओरडा तर राहोच, नुसता सल्लासुद्धां दंडास पात्र! टाइम-आउटमध्यें, म्हणजे मागून घेतलेल्या विश्रांतींत, आपल्या खेळाडूंशीं बोलण्याची मुभा प्रशिक्षकास मिळाली ती १९४८-४९ मध्यें. पुढें बंधनें सैल होत गेलीं, तसे प्रशिक्षक बाकावरून उठून मैदानाच्या कडेनें येरझारा घालूं लागले. शेवटीं १९८४-८५ मध्यें त्यांच्यासाठीं २८ फुटांची एक चौकट आंखून देण्यांत आली. २०१७-१८ पासून ती ३८ फुटांची झाली आहे. या रेषेंत उभें राहून तो वाटेल तितका घसा फोडूं शकतो. परंतु तो खेळाडूंवर ओरडत आहे तोंवर ती शिकवण असते, आणि तोच आवाज पंचाकडे वळला कीं गुन्हा ठरूं शकतो. केव्हां ठरावा, याचें माप कोणत्याहि नियमांत दिलेलें नाहीं. एक पंच दहा मिनिटें ऐकून घेतो, दुसरा पहिल्याच शब्दाला शिट्टी वाजवितो.

तक्रार कशावरून होते, हें पाहूं लागलें तर पुष्कळदां एकाच जागीं येऊन पोंचावें लागतें. चेंडू घेऊन कडीकडे धांवणारा चढाईचा खेळाडू आणि त्याच्या वाटेंत उभा ठाकलेला बचावाचा खेळाडू यांची छातीशीं छाती आदळते. दोघेहि भुईवर पडतात. आतां अपराधी कोण? बचाव करणारा आधींच पाय रोवून उभा असेल, तर धक्का देणारा अपराधी. त्यास चार्जिंग म्हणतात. बचाव करणारा मागाहून सरकत वाटेंत आला असेल, तर तो अपराधी; त्यास ब्लॉकिंग म्हणतात. पहिल्या निवाड्यांत चढाई करणाऱ्याची टोपली रद्द होते, चेंडू जातो आणि फाउलहि त्याच्याच नांवावर पडतो. दुसऱ्यांत टोपली ग्राह्य, शिवाय वर एक फ्री थ्रो. म्हणजे एकाच टकरीवर दोन-तीन गुणांचा फरक इकडचा तिकडे होतो, आणि हा निवाडा पाय केव्हां रोवले गेले व उडी केव्हां सुरू झाली या दोन क्षणांची तुलना करून पंचानें पापणी लवण्याच्या आंत द्यावयाचा असतो. अंगणांत तीन पंच असतात हें खरें. परंतु तो कोन त्यांपैकीं बहुधा एकासच दिसतो.

२२ फेब्रुवारी २०१४ रोजीं नॉर्थ कॅरोलायनामधील डरहॅम येथें ड्यूक विद्यापीठाच्या सभागृहांत सिराक्यूज विद्यापीठाचा संघ खेळत होता. सिराक्यूजचे प्रशिक्षक जिम बोहाइम १९७६ पासून त्या संघाची धुरा वाहत होते, आणि त्या वर्षीं त्यांच्या संघानें पहिले २५ सामने ओळीनें जिंकले होते. तीन आठवड्यांपूर्वीं सिराक्यूजच्या घरच्या अंगणांत याच दोन संघांत जादा वेळापर्यंत गेलेला सामना ९१-८९ असा सिराक्यूजनें जिंकला होता; त्यांत शेवटच्या क्षणांत ड्यूकच्या रॉडनी हुडची कडीवरची उडी धक्काबुक्कींत फसली आणि शिट्टी वाजली नाहीं, ही सल ड्यूकच्या चाहत्यांच्या मनांत ताजी होती. आतां डरहॅममध्यें १०.४ सेकंद उरले असतांना ड्यूक ६०, सिराक्यूज ५८ असा हिशेब होता. सिराक्यूजचा सी. जे. फेअर मागच्या रेषेवरून कडीकडे झेपावला, चेंडू आंत गेला, आणि त्याच वेळीं तो हुडवर आदळला. शिट्टी वाजली. टोपली मान्य झाली असती, तर बरोबरी व वर एक फ्री थ्रो. परंतु पंचानें चार्जिंगचा निर्णय दिला. ६९ वर्षांचे बोहाइम अंगांतला कोट ओढून काढीत थेट अंगणांत घुसले आणि पंचाच्या तोंडासमोर जाऊन ओरडूं लागले. पाठोपाठ दोन टेक्निकल फाउल झाले, आणि बोहाइमना बाहेर जावें लागलें. ड्यूकला चार फ्री थ्रो मिळाले, वर चेंडूहि मिळाला. सामना ६६-६० असा संपला.

या प्रसंगांत बोहाइमचें चुकलें यांत शंका नाहीं. दहा सेकंदांत दोन गुणांची तूट भरून काढणें अशक्य नव्हतें, तें त्यांच्या रागानें अशक्य करून टाकलें. परंतु पंचाचा निर्णय बरोबर होता काय? येथें एक नियमाची अडचण होती. त्याच हंगामासाठीं चार्जिंगची व्याख्या बदलण्यांत आली होती. पूर्वीं चढाई करणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीं बचाव करणारा जागेवर असला म्हणजे पुरे असे. २०१३-१४ मध्यें ती मर्यादा आणखी मागें नेली, आणि चेंडू टाकण्यासाठीं वर उचलण्याची क्रिया सुरू झाल्यावर बचाव करणाऱ्यानें वाटेंत येतां कामा नये असें ठरलें. हेतु चांगला होता: चढाईस मोकळीक मिळावी. पण ‘वर उचलण्याची क्रिया’ नेमकी केव्हां सुरू होते हें डोळ्यांनीं ठरविणें पाय सुटलेले पाहण्यापेक्षां कितीतरी कठीण. नव्या व्याख्येनें पाहतां हुड उशिरा आला, असें पुष्कळांचें मत पडलें. जुन्या डोळ्यांनीं पाहणाऱ्यांस पंचाचेंच बरोबर वाटलें. पुढच्याच वर्षीं नियमकर्त्यांनीं व्याख्या पुन्हा पाय सुटण्याच्या क्षणाशीं आणून बांधली. बोहाइमच्या खात्यावरील पराभव मात्र तसाच राहिला.

सर्वच प्रसंग असे दुहेरी नसतात. २३ फेब्रुवारी १९८५ रोजीं इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांनीं पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यांत, सुरुवातीचीं कांहीं मिनिटें होतात न होतात तोंच, आपल्या बाकाजवळची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून सरळ अंगणांत भिरकावली. त्या वेळीं पर्ड्यूचा खेळाडू नाइट यांच्याच पहिल्या अपराधाबद्दलचे फ्री थ्रो टाकण्यास उभा होता. नाइट हे आदल्याच वर्षीं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक होते. तीन टेक्निकल फाउल होऊन ते बाहेर गेले, सामना ७२-६३ असा हरले, आणि एका सामन्यापुरते निलंबितहि झाले. खुर्चीच्या बाबतींत वादाला जागा नाहीं. उलट १९९३ सालीं ५ एप्रिल रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें अंतिम सामन्यांत मिशिगनचा ख्रिस वेबर यानें ११ सेकंद उरले असतां, संघाकडे एकहि टाइम-आउट शिल्लक नसतांना, हातांनीं खूण करून टाइम-आउट मागितला. त्यास नियमाप्रमाणें टेक्निकल फाउल मिळाला, आणि ७३-७१ अशी अटीतटीची स्थिति नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूनें ७७-७१ अशी संपली. ती शिट्टी निर्विवाद होती. परंतु कांहीं क्षण आधीं त्याच वेबरनें चेंडू न आपटतां पाय टाकले होते, तें लाखो प्रेक्षकांना दिसलें, आणि अंगणांतील तीन पंचांपैकीं कोणासहि दिसलें नाहीं. तेव्हां शिट्टी वाजली असती, तर पुढचा अनर्थ त्या मुलाच्या नांवावर लागलाच नसता.

पंचाची नजर चुकते, हें सर्वांस मान्य आहे. प्रशिक्षकाचा दंड लोकांना सोसवतो तो एकाच विश्वासावर: नजर चुकली तरी मन चुकलेलें नाहीं. या विश्वासाला जो तडा २०१३ सालीं गेला, त्याच्यापुढें नाइट यांची खुर्ची अगदींच किरकोळ होय.

तिकडे कॉलेजांच्या प्रादेशिक मंडळांस कॉन्फरन्स म्हणतात, आणि पंचांच्या नेमणुका त्याच करतात. १५ मार्च २०१३ रोजीं पॅसिफिक किनाऱ्याकडील पॅक-१२ कॉन्फरन्सच्या स्पर्धेंत लास व्हेगास येथें अॅरिझोना आणि यू. सी. एल. ए. यांचा उपांत्य सामना चालला होता. खेळाडूनें चेंडू आपटीत जावयाचें, आणि एकदां तो हातांत धरला कीं पुन्हा आपटावयाचा नाहीं. आपटल्यास डबल ड्रिबल होऊन चेंडू जातो. मात्र मध्यें प्रतिपक्षाचा हात चेंडूस लागला, तर हा दोष राहत नाहीं. सुमारें साडेचार मिनिटें उरलीं असतां अॅरिझोनाच्या खेळाडूवर डबल ड्रिबलचा दोष देण्यांत आला. प्रतिपक्षाचा हात चेंडूला लागला होता, असें अॅरिझोनाचे प्रशिक्षक शॉन मिलर सांगूं लागले, आणि त्यांच्यावर टेक्निकल फाउल झाला. साऱ्या हंगामांतील त्यांचा तो पहिलाच होता. यू. सी. एल. ए. स दोन फ्री थ्रो मिळाले. सामना ६६-६४ असा, दोनच गुणांनीं, अॅरिझोनानें गमावला. आपण फक्त ‘त्यानें चेंडूला हात लावला’ एवढेंच म्हणालों, हें वाक्य मिलर यांनीं पत्रकारांपुढें अनेकवार उच्चारलें. सामन्यानंतरच्या वर्तनाबद्दल कॉन्फरन्सनें त्यांना २५,००० डॉलर दंड केला.

येथपर्यंत ही नेहमींचीच कथा. पण एप्रिलच्या आरंभीं बातमी फुटली, कीं त्या स्पर्धेच्या वेळीं पंचांच्या बैठकींत त्यांचे प्रमुख एड रश यांनीं, जो पंच मिलरला टेक्निकल फाउल देईल त्यास ५,००० डॉलर किंवा मेक्सिकोंतील कॅन्कून येथील सहल देऊं, असें म्हटलें होतें. रश हे स्वतः व्यावसायिक बास्केटबॉलमधील नामांकित माजी पंच. तें बोलणें विनोदानें होतें, असा खुलासा झाला आणि कॉन्फरन्सच्या आयुक्तांनींहि तो ग्राह्य मानला. कोणासहि पैसे मिळाले नाहींत. त्या पंचानें आमिषास भुलून शिट्टी वाजविली, असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. परंतु न्यायाधीशांच्या वरिष्ठानें एका विशिष्ट पक्षकाराचें नांव घेऊन थट्टेंतहि बक्षीस बोलावें, म्हणजे पुढें त्या पक्षकाराविरुद्ध दिलेला अत्यंत न्याय्य निर्णयसुद्धां डागाळलेलाच दिसणार. ४ एप्रिल रोजीं रश यांनीं राजीनामा दिला. ती शिट्टी अगदीं नियमाला धरून असेलहि. पण आतां तें कोण कशाच्या आधारें सांगणार?

दुसऱ्या बाजूनें पंचाची स्थितिहि ध्यानांत घेतली पाहिजे. पुष्कळांचा असा समज असतो, कीं एवढे मोठे सामने चालविणारे पंच हे गलेलठ्ठ पगाराचे नोकर असावेत. वस्तुतः ते कोणाचेहि नोकर नसतात. प्रत्येक सामन्याचें ठराविक मानधन घेऊन आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं फिरावयाचें, आणि पुष्कळांनीं दुसरा एखादा धंदाहि सांभाळावयाचा, असें त्यांचें जीवन असतें. २६ मार्च २०१७ रोजीं केंटकीचा संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून ७५-७३ असा हरला, तेव्हां केंटकीच्या कांहीं चाहत्यांचा राग त्या सामन्याच्या एका पंचावर गेला. हे गृहस्थ नेब्रास्कांतील ओमाहा शहरीं घरांच्या छपरांचें काम करून देण्याचा धंदा करीत. त्या धंद्याविषयीं खोटे प्रतिकूल अभिप्राय प्रसिद्ध करण्यांत आले, दूरध्वनीवरून शिव्याशाप झाले, जिवाच्या धमक्या आल्या. त्यांनीं एका क्रीडावार्ता देणाऱ्या संस्थेवर दावा लावला, तोहि भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. बाकावरचा प्रशिक्षक जेव्हां हजारों लोकांसमोर पंचाकडे बोट दाखवितो, तेव्हां त्या बोटाच्या मागें किती हात उठतात याची ही कल्पना. प्रशिक्षकाच्या जिभेवर गुणांचा लगाम ठेवण्याचें जें समर्थन करतां येतें, त्यांत हेंच सर्वांत बळकट होय. आणखीहि एक कारण आहे, तें जरा कमी उदात्त आहे: पुष्कळ प्रशिक्षक झालेल्या निर्णयासाठीं भांडतच नाहींत, पुढच्या निर्णयाच्या वेळीं पंचाचा हात थोडा कचरावा, एवढ्यासाठीं ते भांडतात. कोणी तर आपल्या मरगळलेल्या संघाला जाग यावी म्हणून मुद्दाम एक टेक्निकल फाउल ओढवून घेतात. अशा हिशेबी रागास किंमत लावावी लागते.

चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय १९८६-८७ पासून नियमांत आली, पण ती प्रथम घड्याळ व गुणनोंद यांतील चुकांपुरतीच होती. पुढें तिचा पसारा वाढला. तरी चालत्या खेळांत न वाजलेल्या शिट्टीपर्यंत ती पोंचली नाहीं. ६ एप्रिल २०१९ रोजीं मिनिआपोलिस येथें उपांत्य सामन्यांत ऑबर्न ६२, व्हर्जिनिया ६० असें असतां व्हर्जिनियाच्या टाय जेरोमच्या पायाला लागून चेंडू निसटला, त्यानें तो दोन्ही हातांनीं धरला आणि पुन्हा आपटीत निघाला. वर सांगितलेला डबल ड्रिबल तो हाच. शिट्टी वाजली नाहीं, आणि पडद्यावर पुनःपुन्हा दिसणारी ही चूक तपासण्याची नियमांत तरतूद नव्हती. नंतर केवळ ०.६ सेकंद उरले असतां ऑबर्नच्या खेळाडूनें दूरवरून चेंडू टाकणाऱ्या काइल गाय यास धक्का दिला. तो फाउल मात्र दिसला, आणि योग्यच दिला गेला. गायनें तिन्ही फ्री थ्रो कडींत घातले. ६३-६२. दोन दिवसांनीं व्हर्जिनियानें विजेतेपद मिळविलें. ऑबर्नचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल एरवीं मोठे जहाल आणि बोलके गृहस्थ. त्या रात्रीं त्यांनीं पत्रकारांपुढें पंचांस दोष देण्याचें टाळलें, आणि त्या एका निर्णयावरून साऱ्या सामन्याची आठवण ठेवूं नये, असें सांगितलें. ऑबर्नचा संघ त्यापूर्वीं कधींच तेथवर पोंचला नव्हता.

२०२५-२६ च्या हंगामापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्यें प्रशिक्षकास पंचाच्या निर्णयास आव्हान देण्याचा रीतसर हक्क मिळाला आहे. त्यासाठीं त्याच्याजवळ टाइम-आउट शिल्लक असला पाहिजे. आव्हान खरें ठरलें तर आणखी एकदां तो हक्क वापरतां येतो, खोटें ठरलें तर त्या सामन्यापुरता हक्क संपतो. आव्हान कशास द्यावयाचें, हेंहि ठरवून दिलें आहे: चेंडू रेषेबाहेर कोणाच्या हातून गेला, कडीजवळच्या चेंडूशीं कोणीं गैर हस्तक्षेप केला काय, आणि मदतीस धांवून आलेल्या बचावपटूचे पाय कडीखालच्या अर्धवर्तुळांत होते काय. जेरोमचा डबल ड्रिबल या यादींत बसत नाहीं. हुडनें पाय वेळेवर रोवले होते कीं नव्हते, हा प्रश्नहि बसत नाहीं. तो आजहि, १९१० सालाप्रमाणेंच, एका पंचाच्या एका नजरेवर सोंपविलेला आहे.